स्प्रिंग प्रॅक्टिसमध्ये मुलाची पोझिशन बदलली, आता पुढे काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका आईने विचारलंय. तिचा मुलगा अमेरिकेत कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, अमेरिकन फुटबॉल खेळतो, डिव्हिजन वन या सर्वांत वरच्या श्रेणीतल्याही वरच्या गटातल्या कॉलेजात वॉक-ऑन, म्हणजे शिष्यवृत्तीशिवाय संघात. हायस्कूलपासून सेफ्टी, म्हणजे बचावातला सगळ्यात मागचा खेळाडू, म्हणून खेळत आलेला. उंची सहा फूट दीड इंच, वजन 212 पाउंड. स्प्रिंगच्या, म्हणजे वसंतातल्या, चौथ्या सरावानंतर कोचने सांगितलं, उद्यापासून लाइनबॅकरच्या (सेफ्टीच्या पुढे, चेंडूजवळ उभ्या राहणाऱ्या बचावपटूंच्या) खोलीत बस. आईला तीन गोष्टी कळत नाहीत: त्याला खाली ढकललंय का, त्याने कॉलेज बदलावं का, आणि संघात त्याची खरी जागा काय हे घरून कसं ओळखायचं. शेवटी एक ओळ आहे: 'घरी आम्ही शाकाहारी, आणि कोच म्हणतो वजन वाढव.'

ताई, कॉलेज फुटबॉलमध्ये मी आधी बचावाच्या बाजूचा सहायक कोच होतो, नंतर खेळाडूंची निवड आणि रोस्टर, म्हणजे संघाची यादी, बघणाऱ्या विभागात. अशा बदलांच्या बैठकांना अनेकदा बसलोय. म्हणून पहिल्यांदा तुमच्या पत्रातला 'चौथ्या सरावानंतर' हा शब्दप्रयोग माझ्या डोळ्यांत भरला. बाकीचं उत्तर तिथूनच निघतं.

स्प्रिंगला नियमाने एकूण पंधरा सराव मिळतात. पहिल्या दोनांत अंगावर फक्त हेल्मेट असतं, अंगाला अंग भिडत नाही. पंधरापैकी जास्तीत जास्त आठ सरावांत समोरच्याला जमिनीवर पाडेपर्यंत टॅकल करता येतं. म्हणजे चौथ्या सरावापर्यंत कोचने तुमच्या मुलाला पॅड घालून फार तर एक-दोनदा खेळताना पाहिलं असेल. एवढ्यावर कुणी कुणाला नापास करत नाही. हा निर्णय मैदानावर झालेलाच नाही. तो जानेवारी-फेब्रुवारीत, बंद दाराआड, पांढऱ्या बोर्डावर नावांच्या चुंबकपट्ट्या सरकवताना झालाय. चार सराव फक्त हे बघायला घेतले की मुलगा हिवाळ्यातल्या व्यायामानंतर कसा हलतोय.

त्या बोर्डावर काय दिसतं ते सांगतो. प्रत्येक पोझिशनचा एक रकाना असतो, त्यात वर्षानुसार नावं: कोण शेवटच्या वर्षाला, कोण तिसऱ्या, कोण नवखा. फुटबॉलवाले ह्या रकान्यालाच खोली म्हणतात, कारण त्या पोझिशनची मुलं रोज एका खोलीत बसून फिल्म बघतात. आता समजा लाइनबॅकरच्या खोलीतले दोघं पदवी घेऊन गेले, एक जानेवारीत दुसऱ्या कॉलेजला गेला, एकाचा खांदा शस्त्रक्रियेनंतर बरा होतोय. हायस्कूलमधून घेतलेली बहुतेक मुलं जूनशिवाय येत नाहीत. उरले तिघं-चौघं. सरावात पहिला संघ, दुसरा संघ, तिसरा संघ असे तीन उभे करायचे आणि प्रत्येकात दोन लाइनबॅकर लागतात, म्हणजे निदान सहा मुलं हवीत. शेजारच्या खोलीत सेफ्टी मात्र नऊ बसलेत. बोर्डावरचा हात कुठे जाईल? नऊंमधल्या सगळ्यात जड सेफ्टीकडे. तुमच्या मुलाचे 212 पाउंड तिथे बोलले.

पूर्वी हे भोक एप्रिलमध्ये बाहेरून बुजवता यायचं. 2018 साली ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची अधिकृत यादी, सुरू झालं. 2021 पासून खेळाडूला एकदा कॉलेज बदलून लगेच खेळता येऊ लागलं, आणि पुढे स्प्रिंगनंतरही पोर्टलची एक खिडकी, म्हणजे नाव नोंदवायची ठराविक मुदत, उघडायची. स्प्रिंगमध्ये लाइनबॅकर कमी पडले की कोच मे महिन्यात दोन विकत आणायचा. 'विकत' शब्द थोडा खरखरीत आहे, पण आता पैसे उघड दिले जातात तेव्हा तोच बरोबर. 2026 पासून ती एप्रिलची खिडकी बंद झाली. या वर्षी एकच खिडकी होती, 2 ते 16 जानेवारी. जानेवारीत जे गेले ते गेले, जे आले ते आले, त्यानंतर कोचच्या हातात इमारतीत आहेत तेवढीच मुलं आणि जूनमधले नवखे. त्यामुळे पोझिशन बदलणं हे जुनं हत्यार पुन्हा कपाटातून बाहेर आलंय. यंदा असे बदल तुम्हाला सगळीकडे दिसतील, आणि त्यातले निम्मेअधिक गरजेपोटी असतील.

दुसरी गोष्ट म्हणजे 105. कॉलेज खेळाडूंना पैसे देण्याबद्दलच्या हाउस खटल्यातली तडजोड 6 जून 2025 ला न्यायालयाने मंजूर केली. ती स्वीकारलेल्या कॉलेजांना फुटबॉल संघात हंगामात 105 च खेळाडू ठेवता येतात. आधी 85 शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, पण वॉक-ऑन कितीही घ्या, मोठ्या संघात सव्वाशेपर्यंत मुलं असायची. आता 105 पैकी कुणालाही शिष्यवृत्ती देता येते, ही वॉक-ऑनसाठी बातमी चांगली. पण 106 वा मुलगा घरी जातो. स्प्रिंगमध्ये ही टांगती तलवार खाली येत नाही, हंगाम तोंडावर आला की येते. म्हणून तुम्ही विचारलंत 'खाली ढकललं का', तर खरा प्रश्न मी असा मांडेन: नवव्या क्रमांकाचा सेफ्टी आणि पाचव्या क्रमांकाचा लाइनबॅकर, या दोघांतला 105 मध्ये कोण राहील? पाचवा लाइनबॅकर. जवळजवळ प्रत्येक वेळी.

पण थांबा, लगेच पेढे वाटू नका. स्प्रिंगमधल्या सगळ्या बदल्या खऱ्या नसतात. काही फक्त सराव चालवण्यासाठी असतात. माणसं कमी आहेत, पंधरा सराव उभा राहा, जूनमध्ये नवे लाइनबॅकर आले की बघू. असं कुणी तोंडावर सांगत नाही, पण खुणा दिसतात. मुलाला विचारा, व्यायामशाळेतल्या लोकांनी तुझं वजनाचं उद्दिष्ट बदललं का? स्ट्रेंग्थ कोचकडे प्रत्येक खेळाडूचा तक्ता असतो. त्यात 212 च्या जागी 225 आलं असेल तर बदल खरा, कारण तो आकडा पोझिशन कोचशी बोलल्याशिवाय कुणी बदलत नाही. दुसरं, तो सेफ्टीच्या बैठकांना अजून जातो का? दोन्हीकडे अर्धाअर्धा बसवत असतील तर तो फक्त जागा भरायला घेतलेला माणूस आहे. तिसरी खूण तुम्हाला घरून तपासता येईल. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हायस्कूलच्या मुलांचे करार होतात आणि कॉलेज नावं जाहीर करतं. त्यात लाइनबॅकर किती घेतले ते बघा. जानेवारीत पोर्टलमधून किती आले तेही बघा. हायस्कूलचे चार आणि पोर्टलचे दोन असतील तर तुमच्या मुलाची खोली ऑगस्टमध्ये गच्च भरेल. एखाद-दुसराच असेल तर कोचने विचार करून तुमच्या मुलाचं नाव त्या रकान्यात लिहिलंय. संकेतस्थळावरच्या रोस्टरवर नावापुढची पोझिशन बदलली का, यावर मात्र फार भरवसा ठेवू नका. ते काम माहिती विभागातला एखादा विद्यार्थी करतो आणि कधीकधी ऑगस्टपर्यंत करत नाही.

आता सेफ्टीचा लाइनबॅकर का, लाइनबॅकरचा सेफ्टी का नाही? फुटबॉलमध्ये मुलं वाढतात तशी चेंडूच्या जवळ सरकतात. सेफ्टी जाड झाला की लाइनबॅकर, लाइनबॅकर जाड झाला की कडेचा पास-रशर, म्हणजे पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर धावून जाणारा (यालाच डिफेन्सिव्ह एंड म्हणतात), तो अजून भरला की आतला डिफेन्सिव्ह टॅकल. आक्रमणाच्या बाजूला टाइट एंडचा (पासही पकडणाऱ्या, समोरच्याला अडवणाऱ्याही खेळाडूचा) ऑफेन्सिव्ह टॅकल, म्हणजे पुढच्या रांगेतला अडवणारा, होतो, तो याच वाटेने. मायामीत 1984 ते 88 मध्ये जिमी जॉन्सन यांनी ही गोष्ट धोरण म्हणून केली: वेगवान सेफ्टी घ्यायचे आणि लाइनबॅकर करायचे, लाइनबॅकर घ्यायचे आणि एंड करायचे. वजन थोडं कमी, पण प्रत्येक जागी समोरच्यापेक्षा वेग जास्त. 1987 चं राष्ट्रीय विजेतेपद त्यांनी त्याच वेगावर मिळवलं. त्यानंतर आक्रमणं पसरट झाली, पास वाढले, आणि 245 पाउंडांचा धिप्पाड लाइनबॅकर तिसऱ्या डाउनला, म्हणजे चारपैकी तिसऱ्या प्रयत्नाला, बाकावर बसू लागला. 2020 मध्ये सर्वोत्तम लाइनबॅकरसाठीचा बटकस पुरस्कार नोत्र दामच्या जेरेमाया ओवुसू-कोरामोआला मिळाला, त्याचं वजन 220 च्या आसपास होतं. तुमच्या मुलाला 212 वरून तिथपर्यंत जायचंय, आणि ते अंतर फार नाही.

तुम्ही मुलाला समजवाल तेव्हा मोठी नावं लागतील, तर खोलीचं गणित ज्यात उघड दिसतं अशी दोन देतो. पेन स्टेटचा अब्दुल कार्टर दोन वर्षं लाइनबॅकर होता, आणि चांगला होता. 2024 च्या स्प्रिंगला त्याला कडेला डिफेन्सिव्ह एंड केलं. का? आदल्या वर्षीचे दोन्ही मुख्य एंड, चॉप रॉबिन्सन आणि अडीसा आयझॅक, त्याच सुमारास एनएफएल या व्यावसायिक लीगला गेले होते. खोली रिकामी झाली होती. कार्टरने त्या हंगामात 12 सॅक केले, म्हणजे क्वार्टरबॅकला चेंडूसकट 12 वेळा पाडलं, आणि 2025 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएल संघांच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. गंमत म्हणजे त्याच कॉलेजात त्याच 11 नंबरच्या जर्सीतल्या मायका पार्सन्सचा प्रवास उलटा होता. हायस्कूलला एंड, पेन स्टेटला लाइनबॅकर, आणि एनएफएलला गेल्यावर पुन्हा क्वार्टरबॅकच्या मागे धावणारा.

दुसरा मिशिगनचा माइक सेनरिस्टिल. तीन हंगाम वाइड रिसीव्हर, म्हणजे पास पकडणारा. 2022 मध्ये कोच जिम हार्बॉनी त्याला बचावात, निकलच्या (मागच्या फळीतल्या पाचव्या खेळाडूच्या) जागी आणलं. रिसीव्हरची खोली गजबजलेली होती आणि निकलला माणूस हवा होता. पुढच्या हंगामाच्या शेवटी, जानेवारी 2024 च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात वॉशिंग्टनविरुद्ध चौथ्या सत्रात त्याने चेंडू हिसकावून 81 यार्ड पळवला, आणि सामना तिथेच संपल्यात जमा झाला. तोपर्यंत तो संघाचा कर्णधार होता. दुसऱ्या फेरीत एनएफएलला गेला. रिसीव्हर म्हणून गेला असता का? मला शंका आहे.

वॉक-ऑनचं उदाहरण हवं असेल तर जेसन केल्सी. सिनसिनाटीला शिष्यवृत्तीशिवाय आलेला रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा), मग फुलबॅक, मग ऑफेन्सिव्ह लाइन. 2011 च्या ड्राफ्टमध्ये 191 वा. पुढे फिलाडेल्फियाचा सेंटर म्हणून तो काय झाला ते तुमच्या घरातल्या टीव्हीलाही माहीत असेल. आणि लेन जॉन्सन: ज्युनियर कॉलेजला क्वार्टरबॅक, ओक्लाहोमाला टाइट एंड, मग डिफेन्सिव्ह एंड, मग टॅकल, 2013 च्या ड्राफ्टमध्ये चौथा.

तुमच्याकडे क्रिकेट पाहणारे आजोबा असतील तर त्यांना रवी शास्त्रींची आठवण द्या. 1981 ला वेलिंग्टनला पहिल्या कसोटीत दहाव्या क्रमांकावर आलेला डावखुरा फिरकी गोलंदाज, आणि 1992 ला सिडनीत सलामीला येऊन 206. त्यांना सगळं एका वाक्यात कळेल.

पण ही नावं आपल्याला माहीत आहेत, कारण ती यशस्वी झाली. ज्यांची पोझिशन दोनदा बदलली आणि ज्यांना शेवटी कुठल्याच खोलीत खुर्ची उरली नाही, अशी मुलं मी जास्त पाहिली आहेत. त्यांचं एक लक्षण सारखं असायचं: बदल कोचला हवा होता, मुलाला नको होता, आणि मुलाने तो अर्ध्या मनाने केला. अंगात लाइनबॅकर, डोक्यात सेफ्टी. फिल्मवर ते पहिल्या पावलात दिसतं.

हे पहिलं पाऊल जरा खोलात सांगतो, कारण तुमचा मुलगा इथेच जिंकेल किंवा अडकेल. सेफ्टी चेंडूपासून दहा-बारा यार्ड मागे उभा असतो. त्याला सगळं मैदान दिसतं, विचार करायला वेळ असतो, आणि त्याची सवय अशी घडते की शंका आली तर मागे जा, काहीही आपल्या डोक्यावरून जाऊ द्यायचं नाही. लाइनबॅकर चार-पाच यार्डांवर असतो. तिथे शंकेला जागाच नाही. समोरचा गार्ड (आक्रमणाच्या पुढच्या रांगेतला अवजड खेळाडू) उठला की पास, खाली गेला की रन, म्हणजे चेंडू घेऊन धाव, बाजूला पळाला की त्याच्या मागे, आणि हे वाचून पाय हलायला निमिष मिळतं. सेफ्टीतून आलेला मुलगा जवळपास नेहमी स्नॅपला, म्हणजे चेंडू खेळात येताच, अर्धं पाऊल मागे टाकतो. ते अर्धं पाऊल म्हणजे 310 पाउंडांचा गार्ड पूर्ण वेगात त्याच्या छातीवर येणं. मग तो ब्लॉक, म्हणजे गार्डने अडवायला दिलेली धडक, हातांनी मारण्याऐवजी अंगावर झेलतो. लाइनबॅकर कोचच्या तोंडी याला एकच शिवी असते, ती इथे लिहीत नाही.

इलाज कंटाळवाणा आहे. नजर रनिंग बॅकवरून काढून गार्डवर आणायची, आणि ती सवय हजार वेळा घोटायची. सराव नसतानाही फिल्मवर होते: स्नॅप दाखवा, अर्ध्या सेकंदाला थांबवा, गार्ड काय करतोय ते बोला, पुढचा स्नॅप. रोज पंधरा-वीस मिनिटं पुरेत. खोलीतल्या मोठ्या मुलाबरोबर केलं तर आणखी बरं, कारण त्याला आक्रमणाच्या चाली आधीच पाठ असतात. हात हा दुसरा भाग: तळवे आत, अंगठे वर, ब्लॉकरच्या छातीच्या पट्ट्यांवर, आणि कोपरे शरीराजवळ. सेफ्टीने हे फारसं केलेलं नसतं. ब्लॉकिंग स्लेडवर (ढकलून सराव करायच्या यंत्रावर) एकट्याने जाऊन घाम गाळला तर जूनपर्यंत फरक पडतो.

जे त्याच्याकडे आधीच आहे तेही विसरू नका. त्याला पासविरुद्धचा बचाव समजतो. टाइट एंड आतून वळला की मागे कोण येतो, हे त्याला शिकवावं लागणार नाही. कव्हरेजच्या हाका त्याच्या तोंडात आहेत. 2024 पासून वरच्या गटात बचावाच्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये कोचचा आवाज ऐकू येतो, पण प्ले-क्लॉकवर (चाल सुरू करायच्या वेळेच्या घड्याळावर) 15 सेकंद उरले की तो बंद होतो. त्यानंतर आक्रमणाने रचना बदलली तर ओरडून सगळ्यांना हलवणारा माणूस मैदानावरच लागतो. मागून मैदान वाचत आलेला मुलगा यात लवकर पुढे येतो. तुमच्या मुलाला बोलायची सवय असेल तर त्याने ती दाबू नये. शांत मराठी घरात वाढलेल्या मुलांना आम्ही हे मुद्दाम सांगायचो, हसू नका.

एक उलट बाजूही सांगायला हवी. आज बहुतेक संघ मूळ रचनेतच पाच बॅक (मागचे बचावपटू) आणि दोन लाइनबॅकर खेळवतात. म्हणजे नुसत्या जागा मोजल्या तर मागच्या बाजूला जास्त आहेत. निकलची जागा, जी सेफ्टी आणि कॉर्नरच्या (कडेच्या बॅकच्या) मधली आहे, तिथे मोठा सेफ्टी चालू शकतो. तुमच्या मुलाचा वेग खरोखर वरच्या दर्जाचा असेल, चाळीस यार्ड साडेचार सेकंदांच्या आसपास, तर त्याने एकदा आदराने विचारावं की निकलला मला पाहणार का. वेळ साडेचारपेक्षा बरीच जास्त लागत असेल तर विचारू नये. त्या वेगाला लाइनबॅकर ही योग्य जागा आहे आणि कोचला ते दिसलंय.

स्पेशल टीम्स, म्हणजे चेंडू लाथाडायच्या वेळी उतरणारे वेगळे गट. वॉक-ऑनचं दार ते आहे, आणि बहुतेक पालकांचं त्याकडे लक्षच नसतं. किकऑफ आणि पंट कव्हर करायला, म्हणजे लाथाडलेला चेंडू घेऊन पळणाऱ्याला गाठायला, 210 ते 230 पाउंडांची, लांब पळणारी आणि टॅकल करणारी मुलं लागतात, म्हणजे नेमकी सेफ्टी आणि लाइनबॅकरच्या सीमेवरची. बाहेरच्या सामन्यांना न्यायचे खेळाडू सत्तरच्या आसपास असतात, आणि त्या यादीतली शेवटची दहा नावं स्पेशल टीम्सचा कोच भांडून घेतो. बचावाचा कोच 'हा आमचा पाचवा लाइनबॅकर' म्हणेल आणि स्पेशल टीम्सचा म्हणेल 'पण माझ्या चारपैकी तीन गटांत तो पहिला आहे', तर तो मुलगा बसमध्ये असतो. मुलाने त्या कोचकडे स्वतः जाऊन नाव द्यावं. कुणी बोलावेल म्हणून वाट पाहणारे बाकावरच राहतात.

सरावात गुण कसे देतात हेही ऐका, म्हणजे मुलगा 'बरं चाललंय' म्हणाला तर पुढे काय विचारायचं ते कळेल. रोज रात्री प्रत्येक स्नॅप बघितला जातो. काम बरोबर होतं का, तंत्र बरोबर होतं का, आणि जीव तोडून धावला का, असं तीन बाजूंनी. चुकीच्या जागी जाणं वेगळं मोजतात आणि चेंडू लांब गेल्यावर पाय सैल सोडणं वेगळं. नव्या पोझिशनवर चुका माफ होतात, पंधरा सरावांत तर होतातच. सैल सोडलेला स्नॅप माफ होत नाही. म्हणून त्याला 'किती टॅकल झाले' असं विचारू नका, 'मागच्या आठवड्यात जागेच्या चुका किती आणि या आठवड्यात किती' असं विचारा. तो आकडा खाली येत असेल तर खोलीत त्याचं नाव वर सरकतंय.

आणि स्प्रिंग गेम, म्हणजे स्प्रिंगच्या शेवटी प्रेक्षकांसमोर होणारा आपसातला सामना. तुम्ही आजीला घेऊन तिकडे जाणार असाल तर जरूर जा, फोटो छान येतात. त्यावरून मुलाची जागा ठरवू नका. त्या दिवशी कोच निम्मे डाव लपवून ठेवतो आणि पहिल्या संघातले जखमी होऊ नयेत म्हणून त्यांना दहा मिनिटांत बाहेर काढतो. तिसऱ्या फळीचा लाइनबॅकर त्या दिवशी आठ टॅकल करतो आणि सप्टेंबरमध्ये कुठेच दिसत नाही, हे दरवर्षीचं आहे. शिवाय हा खेळच अनेक ठिकाणी बंद होतोय. 2025 मध्ये नेब्रास्काने नेहमीचा स्प्रिंग गेम रद्द केला, तेव्हा कोच मॅट रूल यांची उघड चिंता होती की टीव्हीवर आपली मुलं दाखवली की इतर संघ ती पळवतात. टेक्सासनेही रद्द केला, त्यांचं कारण लांबलेल्या हंगामांमुळे झिजलेली शरीरं हे होतं. खरा निकाल लागतो तो त्याआधीच्या शनिवारच्या बंद स्क्रिमेजमध्ये, म्हणजे दाराआडच्या सराव सामन्यात. तिथे तुमचा मुलगा कोणाबरोबर उभा होता, दुसऱ्या संघाबरोबर की तिसऱ्या, एवढं त्याला विचारा.

आता वजन. 212 वरून 225 म्हणजे तेरा पाउंड, एप्रिलच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत साधारण पंधरा-सोळा आठवडे. आठवड्याला पाऊण-एक पाउंड. व्यायामासकट हे जमतं, आणि यापेक्षा वेगाने वाढवलं तर चरबी वाढते आणि वेग जातो, मग बदलाचा अर्थच उरत नाही. मुलाला रोज 160 ते 200 ग्रॅम प्रथिनं लागतील. शाकाहारावर होतं, पण आमटी-भातावर होत नाही, हे स्पष्ट सांगतो. वाटीभर पातळ वरणातून फार काही मिळत नाही, 100 ग्रॅम पनीरमधून अठराएक ग्रॅम मिळतात. दूध, ग्रीक योगर्ट, पनीर, टोफू, सोयाबीन, मोड आलेली कडधान्यं, आणि दिवसातून दोनदा व्हे (दुधातल्या प्रथिनांची पावडर). मुलगा अंडी खायला तयार असेल तर घरी भांडू नका. शाकाहारी मुलांच्या शरीरात क्रिएटिनचा साठा कमी असतो, त्यामुळे रोजच्या तीन ते पाच ग्रॅमचा त्यांना फायदा जाणवतो. पण कुठलीही पावडर दुकानातून आणून देऊ नका. एनसीएए ही कॉलेज खेळांची नियामक संस्था उत्तेजकांची चाचणी करते, आणि डब्यात काय मिसळलंय याची जबाबदारी खेळाडूवर येते. कॉलेजचा आहारतज्ज्ञ जी देईल किंवा मान्य करेल तीच. उन्हाळ्यात घरी येताना डब्यांऐवजी त्याच्याकडून आठवड्याचा तक्ता मागून घ्या, म्हणजे तुम्हाला स्वयंपाकघरात अंदाज घेत बसायला नको.

कॉलेज बदलण्याबद्दल. पोर्टलची खिडकी जानेवारीत बंद झाली आहे. मुख्य कोच बदलला तर वेगळी उघडते, आणि इतर काही अपवाद असू शकतात, ते कॉलेजच्या कम्प्लायन्स (नियमपालन) कार्यालयात विचारा, मित्रांच्या गटात नको. म्हणजे आज हा निर्णय तुमच्यापुढे नाहीच. तो हंगाम संपल्यावर येईल, आणि तेव्हा त्याच्या हातात काय असेल हे महत्त्वाचं. सेफ्टी म्हणून शून्य स्नॅप घेऊन बाहेर पडलेला वॉक-ऑन आणि लाइनबॅकर म्हणून स्पेशल टीम्सच्या शंभर स्नॅपची फिल्म असलेला वॉक-ऑन, दुसऱ्याला फोन येतात. शिवाय 2018 पासूनच्या नियमाने चार सामन्यांपर्यंत खेळूनही त्याला ते वर्ष राखून ठेवता येतं. त्याने पहिलं वर्ष तसं राखलं असेल तर ही सवलत संपली, नसेल तर अजून आहे. हे त्याला नक्की माहीत आहे का ते एकदा तपासा, कारण विसाव्या वर्षी मुलांना स्वतःच्या पात्रतेचा हिशेब येत नाही. आणि त्याचा अभ्यासक्रम कुठला आहे, किती क्रेडिट दुसरीकडे चालतील, हेही तेव्हाच बघायचं.

स्प्रिंग संपलं की प्रत्येक मुलाची पोझिशन कोचबरोबर दहा-पंधरा मिनिटांची भेट असते. तुम्ही फोन करू नका, ईमेल करू नका. पालकाचा फोन आला की त्या मुलाच्या नावापुढे खोलीतल्या सगळ्यांना दिसेल अशी अदृश्य खूण पडते. त्यानेच विचारावं: ऑगस्टला मी आलो तेव्हा तुमच्या मते माझ्यापुढे कोण असेल? 225 झालो आणि वेग तोच राहिला तर ते बदलेल का? माझ्या नावावर स्पेशल टीम्सचे कुठले गट आहेत? कोच पहिल्या प्रश्नाला नावं घेऊन उत्तर देत असेल तर बदल खरा आहे आणि मुलाने आजच सेफ्टीची वही कपाटात ठेवावी. 'बघू, जूनमध्ये सगळे आले की ठरवू' असं म्हणाला तर त्याने उन्हाळाभर दोन्ही पोझिशनची प्लेबुक पाठ ठेवावी, वजन 218-220 पर्यंतच न्यावं, म्हणजे दोन्ही खोल्यांत बसता येईल, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा तेच तीन प्रश्न विचारावेत.